बाबा म्हणायला जाते, मामा येतं

प्रश्न : सातारा जिल्ह्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. लेक साडेसहा वर्षांची, पहिलीत शिकते. जन्मतःच ओठ आणि टाळू दुभंगलेली होती. पाचव्या महिन्यात ओठ शिवला, चौदाव्या महिन्यात टाळू. जखमा छान भरल्या, नाकातून दूध येणं थांबलं, पण बोलणं गेंगाणं राहिलं. ‘बाबा’ म्हणायला जाते आणि ‘मामा’ ऐकू येतं. ‘काका’ म्हणताना तर घशात आचका बसल्यासारखा आवाज येतो. आठ महिने स्पीच थेरपी चालू आहे. आता डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घालून, ती बोलत असताना तपासायचं ठरवलंय. भूल देणार नाहीत. आईला हे क्रूर वाटतं. नवऱ्याचं म्हणणं, तपासणीत वेळ कशाला घालवायचा, एकदाच ऑपरेशन करून मोकळं व्हावं. सासूबाई म्हणतात, वयात आली की सुटेल. आणि ग्रहणात विळीवर बसलीस म्हणून हे झालं, असंही ऐकवतात. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून लेक रोज वीस फुगे फुगवते आणि शंख फुंकते. शाळेच्या गॅदरिंगमध्ये बाईंनी तिला झाड केलं, म्हणजे एकही वाक्य नाही. आई विचारतात : तपासणीला हो म्हणू, की थांबू?

उत्तर :

ताई,

‘बाबा’चं ‘मामा’ होतं, हे तुम्ही जाता जाता लिहून गेलात. लेकीच्या बोलण्याबद्दलची सगळ्यात महत्त्वाची खूण तीच आहे, म्हणून तिथूनच सुरू करते.

पहिलीच्या वर्गातला मुळाक्षरांचा तक्ता आठवा. प फ ब भ म. पाचही अक्षरांना ओठ मिटतात. मग ‘ब’ आणि ‘म’ वेगळे कसे ऐकू येतात? फरक मागे पडतो. टाळूचा मागचा मऊ भाग, ज्याच्या टोकाला पडजीभ लोंबते, तो ‘ब’ म्हणताना वर उचलला जातो आणि घशाच्या मागच्या भिंतीला टेकतो. घशाच्या दोन्ही बाजूच्या भिंतीही थोड्या आत सरकतात. नाकाकडे जाणारी वाट बंद होते आणि सगळी हवा तोंडात येते. ‘म’ म्हणताना हेच दार उघडं राहतं. तक्त्यातली शेवटची उभी ओळ, म्हणजे ङ ञ ण न म, ही उघड्या दाराची अक्षरं. त्यांच्या आधीच्या चारही उभ्या ओळी बंद दाराच्या.

तुमची लेक ओठ बरोबर मिटते. ती ‘ब’च म्हणते आहे. दार पुरतं मिटत नाही म्हणून तुमच्या कानापर्यंत ‘म’ पोचतो. ‘दादा’चं ‘नाना’ होत असेल, तर तेही याच कारणाने. त्यामुळे घरात कुणी ‘‘नीट बोल, लक्ष देऊन बोल’’ म्हणत असेल, तर ते आजपासून थांबवा. ती लक्ष देऊनच बोलते आहे.

‘काका’ची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि हा फरक तुम्हाला नीट कळावा अशी माझी फार इच्छा आहे. हवा नाकातून निसटत असली की तोंडात दाब साठत नाही. मग मूल आपल्या बुद्धीने वाट काढतं : दाब अडवायची जागाच खाली घशात, स्वरयंत्रापाशी नेतं. तिथे हवा अडवून सोडली की तो आचका ऐकू येतो. ही सवय आहे. टाळू कितीही छान दुरुस्त केली तरी सवय आपोआप जात नाही. ती थेरपीनेच सुटते. म्हणजे तुमच्या घरात दोन वेगळे प्रश्न एकाच ‘गेंगाणं’ या शब्दाखाली राहताहेत. एक दाराचा, एक सवयीचा. पहिला थेरपीने सहसा सुटत नाही, दुसरा ऑपरेशनने सुटत नाही.

‘एकदाच ऑपरेशन करून मोकळं व्हा’ या म्हणण्यामागचा तुमच्या यजमानांचा थकवा मला समजतो. दोन ऑपरेशनं, एसटीच्या फेऱ्या, कामावरच्या सुट्ट्या. पण कुठलं ऑपरेशन करायचं, हे दार बघितल्याशिवाय कोण सांगणार? टाळू आखूड आहे म्हणून पोचत नाही, की लांबी पुरेशी आहे पण स्नायू चुकीच्या दिशेने जुळलेत म्हणून ती उचललीच जात नाही? फट मधोमध आहे की एका कडेला? बाजूच्या भिंती हलतात की नुसत्या उभ्या आहेत? प्रत्येकाला वेगळा उपाय आहे. कधी टाळू पुन्हा उघडून स्नायू योग्य दिशेने जुळवतात, किंवा इंग्रजी झेड अक्षरासारखे छेद देऊन तिची लांबी वाढवतात. कधी घशाच्या मागच्या भिंतीचा एक पट्टा उचलून टाळूला जोडतात. तो मध्ये उभा राहतो आणि हलत्या बाजूच्या भिंती त्याला येऊन भिडतात. त्या भिंतीच हलत नसतील तर हा पट्टा फारसं काम करणार नाही, मग दोन्ही बाजूंचे पट्टे वळवून दार अरुंद करण्याचा विचार होतो. दार गरजेपेक्षा जास्त अरुंद झालं तर मूल घोरायला लागतं, झोपेत श्वास अडकू शकतो. एवढा निर्णय अंदाजाने घ्यायचा नसतो. आणि दार जर बऱ्यापैकी मिटत असेल, तर ऑपरेशन लागणारच नाही, हीही शक्यता दुर्बिणीतूनच कळेल.

आता भूल का नाही ते. ऐकायला कठोर वाटतं, पण कारण साधं आहे : झोपलेलं मूल बोलत नाही. घरी तोंडात टॉर्च मारून जे दिसतं तेही अपुरंच, कारण खरं दार टाळूच्या वरच्या अंगाला, नाकाच्या मागे आहे. ‘आ’ केल्यावर टाळूची खालची बाजू दिसते, ती मिटते कुठे ते दिसत नाही. शिवाय तोंड उघडं ठेवून ‘पापा’ म्हणता येत नाही. म्हणून वरून, नाकातून बघायचं. ब्रिस्टलचे सर्जन पिगॉट यांनी १९६९ साली नाकातून दुर्बीण घालून निरोगी माणसांचं हे दार बोलताना कसं मिटतं, ते लिहून ठेवलं. नंतर वाकणाऱ्या बारीक दुर्बिणी आल्या आणि मुलांची तपासणी खूप सोपी झाली. आजची लहान मुलांची दुर्बीण साधारण उदबत्तीएवढी जाड असते, आणि ती वळते.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगते, म्हणजे मनातली नळी थोडी लहान होईल. आधी नाकात बधिर करणाऱ्या औषधाचा फवारा मारतात किंवा औषधात भिजवलेला कापूस ठेवतात. सोबत नाकाची सूज कमी करणारे थेंब असतात. औषध घशात उतरलं की कडू लागतं, घसा जड वाटतो; मुलं सगळ्यात जास्त कुरकुर करतात ती याच वेळी. पाच-दहा मिनिटं थांबून, लेकीला तुमच्या मांडीवर बसवून, मोकळ्या नाकपुडीतून दुर्बीण हळूच आत घेतात. नाकात खालच्या बाजूला एक फुगीर कंगोरा असतो, त्याच्या वरून नेली तर दार वरून नीट दिसतं. मग स्पीच थेरपिस्ट शब्द म्हणायला सांगतात आणि पडद्यावर चित्रीकरण होतं. दुर्बीण आत असते ती काही मिनिटंच. डोळ्यांत पाणी येतं, शिंक आल्यासारखं होतं, दडपण वाटतं. एरवी दुखत नाही. पण ‘‘काहीच होणार नाही गं’’ असं मात्र तिला सांगू नका. त्या थापेचा हिशेब पुढच्या प्रत्येक दवाखान्यात चुकवावा लागतो.

माझ्या पाहण्यातला एक मुलगा पहिल्या दिवशी फवाऱ्यालाच एवढा रडला की आम्ही थांबलो. रडताना दार वेगळंच वागतं, त्या चित्रावरून काही ठरवता येत नाही. चार जणांनी धरून केलेली तपासणी वाया जाते आणि मूल कायमचं बिथरतं. तो पंधरा दिवसांनी परत आला, तोवर घरी आईबरोबर ‘गुहेतला कॅमेरा’ खेळून. त्या दिवशी पडद्यावर स्वतःची टाळू हलताना बघून त्याने आपणहून तीनदा ‘पापापा’ म्हटलं. तुम्हीही हा खेळ सुरू करा. नाकात काही घालायचं नाही हं! तुमच्या मांडीवर बसून, डोकं तुमच्या छातीला टेकवून, समोरच्या मोबाइलकडे बघत, न हलता वाक्यं म्हणायची. तुमचं बोट नुसतं नाकाखाली टेकलेलं.

म्हणायची वाक्यं बंद दाराच्या अक्षरांची हवीत, म्हणजे त्यांत म, न, ण नको. ‘बाबा बागेत जा.’ ‘ताई ताट ठेव.’ ‘शशी, शाळेची पाटी दे.’ आणि आपल्या मराठीत एक तयार धडाच आहे : साठ, एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट, पासष्ट, सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट. एकही नाकातलं अक्षर नाही, आणि ‘स’, ‘ष’, ‘ट’ची नुसती रांग. दार किती वेळ मिटून राहतं, थकतं का, हे यात छान दिसतं. एकोणसत्तरला ‘ण’ येतो, म्हणून अडुसष्टला थांबायचं. पहिलीतल्या मुलीला साठच्या पुढचे अंक येत नसले तरी ऐकून म्हणता आले की पुरे. मग उलट पारख म्हणून ‘मामी, माझी मनी आण’ असं एखादं वाक्य : यात दार उघडायला हवं.

आता तुमच्या थेरपिस्टना विचारायचा एक प्रश्न, आणि तपासणीची तारीख पक्की करण्याआधीच विचारायचा : ‘‘लेकीला एखादं तरी दाबाचं अक्षर योग्य जागेवरून म्हणता येतं का?’’ हे एवढ्यासाठी, की घशात आचका देऊन ‘क’ म्हटला तर हवा खालीच अडलेली असते. टाळूला उचलायचं कामच पडत नाही. दुर्बिणीत दार सताड उघडं दिसतं आणि टाळू निकामी आहे असा समज होतो. खरं तर तिला हाकच मारलेली नसते. ‘पा’, ‘ता’, ‘सा’ अशी दोन-चार अक्षरं, भले एकेकटी, भले नाक चिमटीत धरून शिकलेली, पण जागेवरून यायला लागली की मग तपासणी खरी बोलते. तुमच्या पत्रावरून ‘ब’ची जागा बरोबर वाटते, त्यामुळे लेक बहुधा तयार असेल. नसेल, तर दोन-तीन महिने थेरपी करून मग तपासणी केली तर काही बिघडत नाही. ‘थांबू का’ या तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे हेच एक होकारार्थी उत्तर आहे. भीतीपोटी थांबू नका. अक्षरांसाठी थांबावं लागलं तर थांबा.

सासूबाईंना वाटतं तसं वयात आल्यावर हे सुटत नाही. बऱ्याचदा उलटंच होतं. लहान मुलांच्या नाकाच्या मागे अॅडिनॉइड नावाची मऊ गादी असते. आखूड टाळू त्या गादीला टेकून कसंबसं दार मिटवते. मूल मोठं होतं तशी ही गादी आक्रसत जाते आणि वयात येण्याच्या सुमारास आधार जातो, फट वाढू शकते. म्हणूनच, कुणी ‘सर्दी फार होते, अॅडिनॉइड काढून टाकू’ म्हणालं, तर टाळूच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हो म्हणू नका. हे टाळू दुभंगलेल्या सगळ्याच मुलांच्या आईवडिलांसाठी लिहिते आहे. ज्या मुलाच्या पडजिभेला मधोमध खाच आहे आणि बोलणं गेंगाणं आहे, पण टाळू वरून अखंड दिसते, त्याच्याही बाबतीत सांभाळा. आतले स्नायू दुभंगलेले असू शकतात.

आणि ग्रहण. गर्भात ओठ साधारण सातव्या आठवड्यापर्यंत जुळतो, टाळू बाराव्यापर्यंत. बऱ्याच जणींना दिवस गेल्याचं तेव्हा कुठे कळत असतं. ते जुळणं का राहतं याची कारणं जनुकांत आणि इतर बऱ्याच गोष्टींत मिळून असतात. विळीचा आणि भाजीचा त्यात काही संबंध नाही. ताई, हे तुम्ही कुणाला पटवून देत बसू नका. स्वतःच्या मनातून मात्र काढून टाका. साडेसहा वर्षं वाहिलंत, पुष्कळ झालं.

फुगे आणि शंख बंद करा. फुंकताना टाळू ज्या रीतीने मिटते ती रीत बोलण्यातल्या रीतीहून वेगळी असते. कितीतरी मुलं फुगा फुगवतात आणि तरी गेंगाणं बोलतात. आखूड टाळू फुग्याने लांब होत नाही. तो रोजचा अर्धा तास ‘पा’, ‘ता’, ‘सा’ला द्या, थेरपिस्टनी दाखवलंय तसंच.

घरी एक गोष्ट बघता येईल. छोटा आरसा थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा, नाकपुड्यांखाली धरा आणि ‘पापापा’ म्हणायला सांगा. आरशावर वाफ धरली तर हवा नाकातून निसटते आहे. मग नाक चिमटीत धरून ‘बाबा’ म्हणू द्या. एकदम स्पष्ट आलं तर तेही दाराचंच लक्षण. हे निदान नव्हे, पण डॉक्टरांना सांगायला उपयोगी पडतं. टाळूला शिवणीच्या जागी बारीक छिद्र राहिलंय का, हेही त्यांना बघायला सांगा, कारण तिथूनही हवा गळू शकते. कान तपासून घ्या, तेही आधी. टाळू दुभंगलेल्या मुलांच्या कानात पडद्यामागे पाणी साठणं फार सर्रास आढळतं, आणि जिला ‘स’ नीट ऐकूच येत नाही तिने तो म्हणावा कसा?

तपासणीच्या दिवशी सर्दी-खोकला असेल तर फोन करून तारीख पुढे ढकला. औषधाची अॅलर्जी, वारंवार नाकातून रक्त येणं, हृदयाचा काही त्रास असेल तर आधी सांगा. आणि एक आग्रह जरूर धरा : त्या खोलीत स्पीच थेरपिस्ट हव्यात. नाकात दुर्बीण घालण्याचा हात डॉक्टरांचा, पण काय बोलायला लावायचं आणि ऐकू आलेला आवाज पडद्यावरच्या कुठल्या हालचालीचा, हे जुळवणारा कान त्यांचा. झाल्यावर घसा बधिर असतो तोवर, साधारण अर्धा ते एक तास, खायला-प्यायला देऊ नका. डॉक्टर नेमकी वेळ सांगतील. चित्रीकरण पेनड्राइव्हवर मागून घ्या. पुढे दुसऱ्या सर्जनचं मत घ्यावंसं वाटलं तर लेकीला पुन्हा बसवावं लागणार नाही.

रिपोर्टमध्ये दशांश आकडे असतील. ही पद्धत १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने सुचवली. टाळूसाठी शून्य म्हणजे हललीच नाही, १ म्हणजे मागच्या भिंतीपर्यंत पोचली. बाजूच्या भिंतींना मात्र ०.५ म्हणजेच मध्यरेषेपर्यंत पोचणं. म्हणून ‘डावी भिंत ०.४’ वाचून शाळेच्या मार्कांसारखं नापास समजू नका, ती चांगली हालचाल आहे. पडद्यावर एखाद्या ठिकाणी बुडबुडे दिसले तर तिथे बारीक फट असते. गंमत म्हणजे बारीक फटीतून हवा जास्त आवाज करत निसटते, त्यामुळे नाकातून फुरफुर मोठी येते म्हणजे दोष मोठा, असं नसतं. डॉक्टरांना विचारा : फट दर वेळी तेवढीच राहते, की कधी कधी दार पूर्ण मिटतं? कधी कधी पूर्ण मिटत असेल, तर ऑपरेशनच्या आधी थेरपीला आणखी संधी देण्यात अर्थ आहे. काही ठिकाणी मुलाला पडद्यावर स्वतःचं दार दाखवून ते मिटवायला शिकवतातही. दुर्बिणीत फटीचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजता येत नाही, म्हणून गरज पडली तर बाजूने बोलतानाचा एक्स-रे व्हिडिओही काढतात. तो प्रत्येकाला लागतो असं नाही. आणि ऑपरेशन जमणारं नसेल, तर दाताच्या डॉक्टरांकडून टाळूला मागे जोड असलेली, काढता-घालता येणारी पट्टी करून मिळते.

खर्चाचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण मनात असेलच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेले ओठ-टाळू येतात. शाळेत किंवा अंगणवाडीत येणाऱ्या तपासणी पथकाला सांगा, किंवा थेट जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, कशाकशाचा खर्च योजनेत बसतो ते त्यांच्याकडून आधीच समजून घ्या. ‘स्माइल ट्रेन’ या स्वयंसेवी संस्थेशी जोडलेल्या रुग्णालयांत टाळूची शस्त्रक्रिया मोफत होते, तिथे थेरपीचीही चौकशी करा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, वाचा आणि श्रवण याच कामाची.

शाळेतल्या बाईंना एकदा भेटा. त्यांनी झाड केलं ते बहुधा लेकीला कुणी हसू नये म्हणून, पण वर्गाला त्यातून काय कळलं ते त्यांच्या लक्षात आलं नसेल. आत्ता पुढच्या कार्यक्रमात एकच वाक्य मागा, नुसत्या म, न, ण या अक्षरांचं. ‘मामी, मी मनी!’ हे तुमची लेक आजही कुणाइतकंच स्पष्ट म्हणू शकेल, कारण या अक्षरांना दार उघडंच लागतं. वाक्य थेरपिस्टकडून पारखून घ्या.

तपासणीला यजमानांना बरोबर न्या. तुम्ही लेकीला मांडीवर घेऊन बसाल तेव्हा तुम्हाला पडदा नीट दिसणार नाही. त्यांना पडद्यासमोर उभं राहू दे, आणि लेक ‘बाबा’ म्हणेल तेव्हा टाळू किती वर येते ते त्यांच्या डोळ्यांनी बघू दे.